बुलडोझरखालच्या फळ्या

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावाजवळ, बांधकामाच्या साइटवर नोकरी लागून मला जेमतेम महिना झाला होता. संध्याकाळी बुलडोझरखाली मळक्या फळ्या दिसल्या आणि माझ्यातला टापटीप इंजिनियर जागा झाला. बुलडोझर पुढे घ्यायला लावून मी त्या नीट रचून ठेवल्या. रात्रीत चिखल गोठला आणि सकाळी बुलडोझर जमिनीला असा चिकटला, की हलेना. नोकरी गेलीच, असं मी धरून चाललो.

मशिनांची हिवाळ्याची तयारी एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे असायची. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. गार इंजिनाला हात लावण्याआधी तो तळवे चोळून गरम करायचा, पेशंटला तपासणाऱ्या डॉक्टरसारखे.

सुपरवायझर गरजला, "फळ्या कोणी काढल्या?"

"मी," मी पुटपुटलो.

"मशीन गोठून चिकटू नये म्हणून फळ्या असतात, हे त्याला सांगायचं काम माझं होतं," मेकॅनिक म्हणाला आणि हीटर लावून चिखल वितळवायला बसला. मध्येच त्याची नजर माझ्या पातळ पुणेरी बुटांकडे गेली. त्याने एक फळी माझ्यापुढे सरकवली.

"चढ. गार जमिनीवर उभं राहणाऱ्याच्या पायाखाली काहीतरी हवं."

दुपारी बुलडोझर सुटला. माझी नोकरीही वाचली.

घरी हे मी अगदी रंगवून सांगितलं. बायको सिंकपाशी भांडी घासत होती, गार फरशीवर, अनवाणी.

"अहो, उद्या त्यांच्यासाठी पराठे न्या," ती म्हणाली. "आणि येताना एक फळी आणा. मला."