भाचीला शिकवलेला एक शब्द

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही, माझ्या मुलीला, रेवाला माहीत नाही, आणि आईला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांसमोर मी फार चांगली बाई आहे हो. मोठ्या मनाची. दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत कुणालाही विचारा.

मला सुषमाचा हेवा वाटायचा. सुषमा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, मिलिंदची बायको. बघा, हे एवढं लिहायलाच किती वर्षं गेली. मिलिंद केंद्र सरकारच्या नोकरीत, बरीच वर्षं सोलापूरला होता. तिथून त्याची दिल्लीला बदली झाली आणि सरोजिनी नगरला क्वार्टर मिळालं. सुषमा आली आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी मुक्ता आली. तोवर आई माझ्याकडे राहायची. दहा वर्षं! तिची औषधं, तिचे डोळे, तिचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं मी केलं, नोकरी सांभाळून. आणि सुषमा आल्यावर महिन्याभरात आई म्हणाली, “थोडे दिवस मिलिंदकडे राहून येते गं.” बॅग भरली आणि गेली. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत.

आणि फोन केला की काय ऐकायचं? सुषमाची पुरणपोळी. सुषमाची शेंगाची चटणी. सुषमा आवाज चढवत नाही. (मी चढवते. चढवतेच.) पण सगळ्यात जास्त काय झोंबायचं सांगू? मुक्ताचं मराठी. माझी रेवा दिल्लीत वाढलेली. “आजी, मला भूक लगी आहे,” असं बोलायची. लोक हसायचे, मीही हसायचे. मग मुक्ता आली, आणि आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत पाठांतर स्पर्धा झाली. आमच्याकडे ती दर वर्षी असते, मुलांनी मराठी विसरू नये म्हणून. रेवा तिसऱ्या ओळीला अडकली आणि मायक्रोफोनवरच “अरे यार” म्हणाली. मुक्तानं हात मागे बांधून, डोळे मिटून अख्खं स्तोत्र म्हटलं. एक अक्षर हललं नाही. आईनं डोळ्याला पदर लावला. माझ्या आईनं! पहिल्या रांगेत सुषमाच्या शेजारी बसून.

मी टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या.

सुषमा मुलीला पाठांतर कसं शिकवायची ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ती एक ओळ म्हणायची, मुक्ता दोनदा म्हणायची, झालं. अर्थ विचारला की सुषमा म्हणायची, “आधी पाठ कर, अर्थ नंतर कळतो.” आईसुद्धा मला लहानपणी हेच म्हणायची. तुम्हालाही कुणी म्हटलं असेल. आपल्याकडे असंच चालतं, मोठं माणूस सांगेल ते म्हणायचं. त्यात वाईट काय असणार?

मी तेव्हा गुडगावच्या एका जाहिरात कंपनीत होते. शब्द लिहायचं काम. पानिपतचा एक ब्लँकेटवाला आमच्याकडे आला होता. इंटरनेटवर गाजेल असं काहीतरी हवं म्हणाला. बायकांचे हक्क वगैरे चालतंय ना सध्या, तसं. मी लिहून दिलं. पाच छोट्या मुली, झालरीचे फ्रॉक, दोन वेण्या, पलंगावर बसलेल्या. एकेक जण कॅमेऱ्याकडे बघून विचारते, घरातल्या पांघरुणांच्या घड्या रोज कोण घालतं? आई. का? आणि शेवटची, सगळ्यात गोड दिसणारी मुलगी झोपलेल्या बापाला एक अस्सल दिल्लीची शिवी घालते आणि म्हणते, “अब तह तू लगा!” आता घडी तू घाल. शिवीवर भोंगा वाजवायचा, पण मुलीनं ती खरीच म्हणायची. मीटिंगमध्ये लोक टेबलावर थापा मारून हसले. काय जबरदस्त फेमिनिझम आहे मॅडम! ती शिवी आईवरूनच होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी गप्प बसले, कारण कल्पना माझी होती आणि पहिल्यांदाच सगळे माझ्याकडे बघत होते.

अडचण एकच आली. दिल्लीच्या मुलींना ती शिवी माहीत होती. म्हणताना त्या फिदीफिदी हसायच्या, नाहीतर आईकडे बघायच्या. डायरेक्टरला सरळ चेहऱ्यानं, श्लोक म्हटल्यासारखं म्हणणारी मुलगी हवी होती. ऑफिसात कुणीतरी म्हणालं, तुमची रेवा आहे ना त्याच वयाची? मी म्हटलं, “छे, तिची परीक्षा आहे.”

परीक्षा नव्हती.

इथे थोडं थांबते. माझ्या मुलीच्या तोंडी मी तो शब्द येऊ दिला नसता, कितीही गाजणार असला तरी. हे मला तेव्हाच स्वच्छ माहीत होतं. आणि तरी मी म्हटलं, “माझी भाची आहे. दोनदा ऐकलं की पाठ होतं तिला.”

मंडळात बातमी पसरली. स्वतःची मुलगी असताना भाचीला पुढे केलं! किती मोठं मन! सुषमानं माझे हात हातात घेतले. “ताई, तुम्ही होतात म्हणून,” म्हणाली. घरी पाठ करायला मी जो कागद दिला होता, त्यात शिवीच्या जागी “आलसी” लिहिलं होतं. आळशी बाबा, आता घडी तू घाल. आईनं तो कागद वाचला आणि हसून म्हणाली, “मिलिंदला बरोबर लागू पडतंय.”

शूटिंग नोएडाला होतं. सुषमा डब्यात पोहे घेऊन आली होती, युनिटमधल्या सगळ्यांसाठी. तिथेही सगळे तिच्यावर खूश! मी तिला बाहेर बसवलं. आई समोर असली की मुलं बिथरतात, असं सांगितलं. मग मुक्तासमोर गुडघ्यावर बसले, तिची वेणी नीट केली आणि तिच्या कानात तो शब्द सांगितला.

ती म्हणाली, “आत्या, कागदावर हे नव्हतं.”

“आलसीच आहे गं ते. इकडे दिल्लीत असं म्हणतात. लाडानं.”

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. “वाईट शब्द नाही ना?”

“आत्या तुला वाईट शब्द शिकवेल का?”

तिनं मान हलवली, डोळे मिटले, हात मागे बांधले. मग लक्षात आलं तसे डोळे उघडून कॅमेऱ्याकडे बघितलं आणि एका टेकमध्ये म्हटलं. इतकं स्वच्छ, इतकं सुरेख! युनिटमधली मोठमोठी माणसं पोट धरून हसली. आपण छान केलं असं वाटून तीही हसली. मला काय वाटलं? सगळं सांगायचं ठरवलंय तर हेही सांगते. मला गार वाटलं. घ्या, म्हटलं, तुमचं शुद्ध मराठी.

इथवर निदान कामाचं नाव पुढे करता आलं असतं. खरी गोष्ट दोन आठवड्यांनंतरची आहे.

रविवार होता. आम्ही सगळे सरोजिनी नगरला जेवायला गेलो होतो. मिलिंदच्या ऑफिसचे एक जोशी नावाचे साहेब आणि त्यांची बायकोही होती. जेवण झालं, मिलिंद दिवाणावर आडवा झाला आणि घोरायला लागला. सुषमा सुपारी कातरत होती. मुक्ता त्याच्याजवळ गेली, त्याचं नाक चिमटीत धरलं आणि मोठ्यांदा, लाडानं, तो शब्द म्हणाली. मग म्हणाली, “उठा बाबा, अब तह तू लगा!”

जोशीबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. मिलिंद उठला आणि त्यानं तिच्या थोबाडीत मारली. त्यानं तिला तोवर बोटसुद्धा लावलं नव्हतं. ती रडली नाही. तिला कळलंच नाही काय झालं ते. “कुठं शिकलीस हे?” मिलिंद ओरडला, आणि तिनं माझ्याकडे बोट केलं.

“आत्यानं शिकवलं. आत्या म्हणाली, त्याचा अर्थ आळशी.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई, सुषमा, जोशी. मी एवढंच म्हणायला हवं होतं की हो, मी शिकवलं. किती लागतो वेळ एवढं बोलायला? लोकांनी नावं ठेवली असती, मिलिंद चार महिने बोलला नसता. त्यापलीकडे काय झालं असतं?

मी म्हटलं, “मी? अगं, मी कशाला असलं काही शिकवेन तुला?” वर हसले. वर म्हणाले, “शाळेत ऐकलं असेल. दिल्लीची मुलं आहेत, बिल्कुल भरवसा नाही त्यांचा.”

मग सुषमा उठली. आवाज न चढवणारी सुषमा. तिनं मुक्ताला दंडाला धरून उभं केलं आणि दुसरी थोबाडीत दिली. शिवीबद्दल नाही, खोटं बोलल्याबद्दल. “आत्याचं नाव घेतेस? एवढं करते ती तुझ्यासाठी!” म्हणाली आणि माझ्यासमोर तिला कान धरायला लावले. मुक्तानं कान धरले. “सॉरी आत्या,” म्हणाली. तेव्हा मात्र ती रडत होती, माझ्याकडे बघत, मी आता तरी काही बोलेन म्हणून.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “असू दे गं सुषमा, लहान आहे,” म्हटलं. आई म्हणाली, “पोरीला दिल्लीचं वारं लागलं.” सुषमाचा चेहरा पार उतरला होता. आणि मी तो बघत होते. पोटभर बघत होते.

पुढे जाहिरात आली, खूप गाजली. मिलिंदला शंका आली. मी म्हटलं, भोंगा आम्ही वरून टाकलाय, आत “आलसी”च आहे. त्याचा विश्वास बसला. मला बायकांच्या हक्कांसाठी काम केल्याबद्दल एक ट्रॉफी मिळाली. स्टेजवर मी मुलींच्या आवाजाबद्दल चार वाक्यं बोलले. पुढच्या गणपतीत मुक्तानं पाठांतरात नाव दिलं नाही, त्यानंतरही कधी नाही. सुषमानं दोनदा समजावलं, मग सोडून दिलं. त्या वर्षी पहिला नंबर रेवाचा आला. बक्षिसाचा स्टीलचा डबा अजून आमच्याकडे आहे, त्यात मी रवा ठेवते.

तुम्हाला वाटेल, मूल आहे, विसरलं असेल. मीही तेच म्हणत आले. हे लिहायला बसले ते मागच्या महिन्यामुळे. आईची पंचाहत्तरी होती. मुक्ता आता नोकरी करते, माझ्यापेक्षा उंच झालीय. जेवताना जुन्या गोष्टी निघाल्या आणि मिलिंदनं ती काढली. आता ती आमच्या घरातली हसायची गोष्ट झालीय. मुक्तानं बापाला शिवी घातली आणि आत्यावर ढकललं! सगळे हसले. मुक्ताचं ज्याच्याशी लग्न ठरलंय तो मुलगाही हसला.

आणि मुक्ता स्वतः हसली. मला श्रीखंड वाढता वाढता म्हणाली, “हो ना, काय खोटारडी होते मी लहानपणी! मला तर इतकं खरं वाटायचं की आत्यानंच सांगितलं होतं. अजूनही कधीकधी तसंच आठवतं. मग मी स्वतःलाच रागावते.”

मी म्हटलं, “थोडंच वाढ गं.”

ती खोटं बोलली नव्हती. तो शब्द मी तिच्या कानात सांगितला होता, तिची वेणी नीट करता करता.