माह्याच बकऱ्या काऊन फिरतेत?

औषधांना एक्सपायरी डेट असते, किश्शांना नसते. म्हणून आमच्या जनावरांच्या दवाखान्यात औषधांचं कपाट अर्धं रिकामं आणि किश्शांचं कधीचंच उतू चाललंय. धानोऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून दोन खोल्यांचा दवाखाना आहे आणि मी तिथला ड्रेसर. जखमा धुणं, जनावर धरून ठेवणं, खड्डे खणणं आणि राजाला पोळी घालणं ही माझी कामं. राजा म्हणजे दवाखान्याचा कुत्रा. हजेरीपटावर त्याचं नाव नाही, पण हजेरी आम्हा सगळ्यांपेक्षा चांगली!

यातले निम्मे किस्से सुमनबाईंच्या बकऱ्यांचे. नवरा गेल्यावर ही बाई तीन जनावरांच्या जिवावर उभी राहिली: एक थोरली बकरी, एक बोकड आणि बिजली नावाची पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरणी बकरी. उन्हाळ्यात गावभर पाचोळा असतो, पण आमच्या कंपाउंडात टाकी गळते म्हणून गवत हिरवंगार. तिथे बकऱ्या बांधायची परवानगी मी अख्ख्या गावात एकट्या सुमनबाईंना दिली होती. त्या मला उन्हाळ्यात टोपलीभर टेंभरं, म्हणजे तेंदूची पिवळी फळं, आणून देत. लाच म्हणू नका हो, टेंभरंच होती ती.

*

एके दिवशी थोरली बकरी गोल फिरायला लागली. डावीकडे, आणि फक्त डावीकडेच! मान वाकडी, नजर भलतीकडे, अंगणात फेऱ्यांवर फेऱ्या.

सुमनबाईंचे दीर गोमाभाऊ हे गावातले इंजिनिअर आहेत, कारण त्यांच्याकडे पाना आहे. ते म्हणाले, "आटे डावीकडं बसले हायेत. उलटी फिरवली का खुलते!" आणि त्यांनी बकरीचे कान धरून तिला दुपारभर उजवीकडे फिरवलं.

संध्याकाळी मला बोलावणं आलं. गेलो तर बकरी डावीकडेच फिरत होती आणि गोमाभाऊ खाट घट्ट धरून पडले होते. सुमनबाई म्हणाल्या, "बकरीचं राहू द्या भाऊ, पयले यायले सुई मारा!"

बकरी आठवड्याभरात गेली. आमचे डॉक्टरसाहेब पुण्याकडचे. शुद्ध बोलतात आणि मनापासून काम करतात. दोन्हींचा त्यांना इथे त्रास होतो. त्यांनी बकरीचं डोकं उघडलं, तर मेंदूत पाण्यानं भरलेली लिंबाएवढी फुगी. "जंताची अळी आहे ही. हे मुंडकं खोल खड्ड्यात पुरा," असं मला सांगून ते मीटिंगला गेले.

एप्रिल महिना, जमीन दगडासारखी. पुरलं मी, कंपाउंडातच. किती खोल, ते विचारू नका.

*

आता हा आजार कळवायचा म्हणजे ऑनलाइन. मोबाइलवर आजारांची यादी येते, त्यातला एक निवडायचा. गोल फिरण्याला यादीत जागाच नव्हती, म्हणून साहेबांनी 'इतर' निवडलं. त्याच एका बकरीची नोंद दर आठवड्याला पुन्हा भरावी लागते. पुढच्या वेळी पुन्हा 'इतर'. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा 'इतर'.

महिन्याभरानं वरून फोन आला. "डॉक्टर, तुमच्याकडे 'इतर'ची साथ दिसतेय! लसीकरण का नाही केलं?"

साहेब म्हणाले, "सर, 'इतर'ची लस नसते."

"मग तशी मागणी पाठवा ना लेखी!"

साहेबांनी पाठवली. अजून आली नाही.

*

पुढच्या उन्हाळ्यात बोकडही फिरायला लागला, आणि नेमका कुठे? मोहाखालच्या देवाच्या दगडाभोवती. सरपंचानं व्हिडिओ काढला, खाली लिहिलं 'मुक्या जीवाची प्रदक्षिणा', आणि दुपारपर्यंत शेजारच्या गावांतून मोटारसायकली यायला लागल्या. बोकडाला हार घातला. हार त्यानं फिरता फिरता खाल्ला, त्याचाही प्रसाद झाला!

आमचे म्हातारे पुजारी तेवढे शांत बसून बघत होते. शेवटी काठी टेकत उठले. "अरे, प्रदक्षिना घालनाऱ्याचं ध्यान देवाकडं रायते. याचं ध्यान कुठीच नाई. बिमार हाय बापा बोकड, दवाखान्यात न्या!"

म्हणजे बघा, आमच्याकडे ग्रॅज्युएट लोक नारळ फोडत होते आणि पुजारी पेशंट रेफर करत होते.

सुमनबाईंनी मात्र हात जोडले नाहीत. पदर तोंडाला लावून मला म्हणाल्या, "ड्रेसरभाऊ, अख्ख्या गावात माह्याच बकऱ्या काऊन फिरतेत? म्या कोनाचं काय केलं? आता एक बिजलीच राह्यली. ते गाभन हाय. ते गेली तं मी कशाले जगू?"

मला भरून आलं हो. मी म्हटलं, "बाई, बिजलीला रोज आपल्या कंपाउंडात आणून बांधा. चांगलं हिरवं गवत खाऊ द्या." एवढं तरी करावं ना माणसानं!

*

साहेबांनी सुमनबाईंना समजावलं की हे सगळं कुत्र्यापासून येतं. म्हणून त्यांच्या गल्लीतल्या चार कुत्र्यांना घालायला जंताच्या चार गोळ्या दिल्या. आठ दिवसांनी विचारलं, तर चारही गोळ्या बिजलीच्या पोटात!

"अहो बाई, त्या कुत्र्यांच्या होत्या!"

"अजी साहेब, बिमार पडून राह्यल्या बकऱ्या, न् गोळी कुत्र्याले? उद्या मले वाघानं धरलं तं सुई काय वाघाले मारान?"

बिजलीला काही झालं नाही, उलट भूक वाढली.

मग साहेबांनी गावातल्या सगळ्या कुत्र्यांसाठी गोळ्या मागवल्या. उत्तर आलं: 'कुत्रा हे दुधाळ जनावर नसल्याने योजनेत बसत नाही.' साहेबांनी पदरचे पैसे घालून गोळ्या आणल्या आणि आम्ही घरोघरी फिरून दिल्या. राजाला द्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तो आमचा स्टाफ!

*

बोकडही गेला, तेव्हा साहेब इरेला पेटले. म्हणाले, "आता गावाला डोळ्यांनी दाखवतो. त्याशिवाय पटणार नाही."

कंपाउंडात सतरंजी अंथरली. सगळं गाव आलं. सुमनबाई पुढे बसल्या, कुंपणाला बिजली बांधलेली, पोट चांगलं सुटलेलं. साहेबांनी बोकडाचं मुंडकं उघडलं आणि मेंदूतली फुगी अलगद काढली, चांगली अंड्याएवढी. आत पांढरे दाणे दिसत होते. सगळ्यांना जवळून दाखवून त्यांनी ती ट्रेमध्ये ठेवली, ट्रे मागच्या स्टुलावर ठेवला आणि फळ्यावरच्या आकृतीकडे वळले.

"नीट ऐका. कुत्रा ही फुगी खातो. त्याच्या पोटात जंत होतात. त्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी गवतावर पडतात. ते गवत बकरी खाते आणि अळी तिच्या मेंदूत जाते. म्हणजे सगळ्याची सुरुवात कुठून? कुत्र्यानं ही फुगी खाण्यापासून!"

गाव एकटक साहेबांच्या मागे बघत होतं. व्याख्यानात मध्ये बोललेलं साहेबांना खपत नाही, त्यामुळे कुणी तोंड उघडलं नाही.

"तर ही फुगी," म्हणत साहेब वळले.

ट्रे स्वच्छ होता. राजा अजून तो चाटत होता, आणि आजवर माझ्या पोळीलाही कधी हलवली नव्हती एवढी शेपूट हलवत होता.

गोमाभाऊ मागून ओरडले, "समजलं साहेब! एकदम समजलं!"

सतरंजीवर हसू फुटलं. मीही हसलो. राजा ट्रे सोडून डुलत डुलत गवतात गेला, टाकीपाशी, जिथे तो रोज जातो तिथे, बिजलीपासून दोन हातांवर, आणि बसला पाय फाकवून.

सुमनबाई हसत नव्हत्या. त्यांनी राजाकडे पाहिलं, मग गवताकडे, मग बिजलीच्या तोंडातल्या काडीकडे. आणि मग माझ्याकडे.

"ड्रेसरभाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "पयलीचं मुंडकं कोनं गाडलं होतं?"

मी फावडं शोधायला लागलो.

सुमनबाई उठल्या. बिजलीच्या तोंडातली काडी ओढून फेकली, दावं सोडलं, माझ्या खिडकीतली टेंभरांची टोपली काखेत घेतली.

"चाल वं बिजले, घरी चाल."

दोघी फाटकाबाहेर पडल्या. वळणापर्यंत मी बघत होतो. बिजली सरळ चालत होती.