नागपूरला जाऊन येणारे प्रश्न

कॉलेज संपल्यावर मला गोंदियातल्या एका रक्तपेढीत कॉम्प्युटरचं काम मिळालं. रक्तदात्यांची माहिती नागपूरच्या सर्व्हरवर असायची. एखाद्या रक्तगटाचे दाते शोधायला घेतले की आमची स्क्रीन गोठायची. दरेकशाहून बायकोसाठी रक्त न्यायला आलेला माणूस काउंटरशी ताटकळत उभा, आणि आम्ही स्क्रीनकडे बघत बसलेलो. इंटरनेटची लाइनच खराब आहे, असं रक्तपेढीचे मुख्य डॉक्टर म्हणायचे. मलाही तसंच वाटे.

दाते शोधायचा हा प्रोग्राम लिहून सांभाळणाऱ्या मॅडम नागपूरला बसायच्या. त्यांना मी पाहिलं नव्हतं, आवाज तेवढा ओळखीचा. मी फोन करून लाइनची तक्रार केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि आमच्या कॉम्प्युटरवर ट्रेस सुरू करायला शिकवलं. त्यात सर्व्हरला गेलेला प्रत्येक प्रश्न आणि आलेलं उत्तर वेळेसकट उतरत होतं. मला त्यातलं काही कळेना. पुन्हा लाइनचंच बोलू लागले, तशा त्या म्हणाल्या, "तुला काय वाटतं ते नंतर. काय दिसतं ते वाच."

मी फोनवर मोठ्याने वाचू लागले. यादीचा प्रश्न गेला, उत्तर लगेच आलं. मग पहिल्या दात्याचा पत्ता विचारायला वेगळा प्रश्न. दुसऱ्यासाठी आणखी एक. तिसऱ्यासाठी पुन्हा. यादीतल्या एकेका नावासाठी आमचा कॉम्प्युटर नागपूरला जाऊन येत होता.

मॅडम म्हणाल्या, "लाइनचा दोष नाही. हे मीच असं लिहिलंय. फोन डॉक्टरांना दे."

डॉक्टरांनाही त्यांनी हेच सांगितलं. वरच्या पदावरच्या कुणाला आपली चूक अशी कबूल करताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुरुस्ती त्या एकट्या सहज करू शकल्या असत्या. पण सगळे पत्ते एकाच प्रश्नात कसे मागायचे, ते त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. चुकले तिथे थांबवलं, पण रागावल्या नाहीत. त्यानंतर यादी झटक्यात उघडू लागली. पुढच्या सगळ्या नोकऱ्यांत मी त्या एका शिकवणीवर निभावून नेलं.

हिवाळ्यात त्या गोंदियाला आल्या तेव्हा मी त्यांना मुर्री गावातल्या आमच्या घरी जेवायला नेलं. आईला सर्व्हर वगैरे समजत नव्हतं. तिने ताटात आणखी भात वाढला आणि म्हणाली, "माह्या पोरीले शिकवलं तुम्ही. लाजू नोका, पोटभर जेवा."

मॅडम खरंच पोटभर जेवल्या.