काच पुसली का?

दुपारचा एक वाजला होता आणि अपील परत आलं होतं. कोर्टाच्या पोर्टलवर शेरा होता : ‘सर्व पानांवर उभी लाल रेघ. कागद रद्द केलेले दिसतात. दुरुस्ती करावी.’

मी पानं उघडली. पहिल्यापासून एकशे चाळिसाव्यापर्यंत प्रत्येक पानावर वरून खाली लालभडक रेघ. आजोबांच्या काळातलं खरेदीखत असो की परवा टाईप केलेलं अपील, रेघ तीच, जागाही तीच. कोर्टकचेरीत लाल रेघ मारली म्हणजे कागद बाद. आम्ही आमचेच कागद बाद करून कोर्टाला पाठवले होते.

थोडं समजावून सांगते. पूर्वी कागदांचा गठ्ठा दोऱ्याने शिवून कोर्टात द्यायचे. आता ते स्कॅन करून पोर्टलवर चढवायचे, त्याला ई-फायलिंग म्हणतात. नगरला कोर्टाजवळ आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. वकिलांसाठी आम्ही हे काम करतो. तेव्हा मला लागून तीन आठवडे झाले होते. मी कॉम्प्युटर इंजिनियर, त्यातून डिस्टिंक्शनवाली, म्हणजे मला सगळं येत होतं. मला शिकवायला होते भिंगारचे बोरुडे काका. तीस वर्षं कोर्टाच्या आवारात टाईपरायटर बडवलेला माणूस. पन्नाशीनंतर कॉम्प्युटर शिकले आणि मग जिल्हाभरच्या वकिलांना शिकवत सुटले. त्यांचा पहिला धडा होता, ‘मशीनला शिव्या द्यायच्या आधी काच पुसायची.’ एवढं शिकायला मी चार वर्षं घालवली नव्हती, असं माझं मत होतं.

तर त्या दिवशी अपिलाची शेवटची तारीख होती. मुदत दसऱ्याच्या सुट्टीत संपलेली, म्हणून कोर्ट उघडेल त्याच दिवशी दाखल करायला हवं होतं. पक्षकार होत्या राहुरीकडच्या हिराबाई. नवरा गेल्यावर त्यांनी वीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. खालच्या कोर्टात निकाल दिराच्या बाजूने लागला. अपील राहिलं तर गिरणी गेली, इतकं ते सरळ होतं. हिराबाई सकाळपासून आमच्या बाकावर बसून होत्या, पदराला पीठ तसंच.

त्यांच्या वकीलसाहेबांचा फोन आला. “पाचच्या आत दुरुस्त करून चढव. नाही झालं तर हिराबाईंना तूच सांग.”

मी कामाला लागले. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. कलर सेटिंग बदललं. कंपनीच्या हेल्पलाईनवर पंचवीस मिनिटं बासरी ऐकली. रेघ हलेना.

हिराबाई मागून डोकावल्या. “पूजा क्येली का वो दसऱ्याला मशीनची?”

“केली ना. काकांनी केली खंडेनवमीला.”

“मंग कुंकू आसंल. माज्या गिरनीत कुंकू जादा झालं की पयल्या दळनाला पीठ लाल येतं.”

“मावशी, हे कॉम्प्युटरचं काम आहे,” मी म्हणाले. अजून आठवलं की कान गरम होतात.

दोन वाजता नाइलाजाने काकांना फोन लावला. ते पारनेरला वकिलांना ट्रेनिंग देत होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, “काच पुसली का?”

“हो!” मी ताडकन ओरडले. पुसली नव्हती. पण मी इंजिनियर होते!

“बरं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सव्वातीनला बाहेर स्कूटर खोकत थांबली. काका आत आले, डोक्यावर हेल्मेट तसंच, मिशा धुळीने पांढऱ्या. थेट स्कॅनर उघडला. मोठ्या काचेच्या बाजूला बोटभर रुंदीची एक काचपट्टी असते. कागद आपोआप ओढले जातात ते तिच्यावरूनच सरकतात. तिथे राईएवढा ठिपका पडला तरी प्रत्येक पानावर डोक्यापासून पायापर्यंत रेघ उमटते. काकांनी तोंडाची वाफ सोडून त्या पट्टीवरून रुमाल फिरवला आणि समोर धरला. रुमाल लाल!

हिराबाई बाकावरून उठून आल्या.

“म्या काय म्हनलं हुतं?” हिराबाई म्हणाल्या.

काकांनी रुमालाकडे पाहिलं, स्वतःच्या बोटाकडे पाहिलं आणि हसायला जे लागले! “आरं द्येवा! मलाच वाटलं हुतं, हितं बारीक पट्टी हाय, ह्येच मशीनचं कपाळ!” हसता हसता ते चाकाच्या खुर्चीवर बसायला गेले, खुर्ची मागे पळाली, काका खाली. हेल्मेट होतं म्हणून बरं. हिराबाई पदरात तोंड घालून हसत होत्या. मीसुद्धा टेबलाला धरून हसले. पण आता काका मी ‘पुसलेल्या’ काचेचं विचारणार, हे नक्की होतं.

तेवढ्यात वकीलसाहेब दारात. एक इंजिनियर टेबलाला धरून उभी, एक म्हातारा हेल्मेट घालून फरशीवर.

“हा काय तमाशा? चूक कोणाची?”

“माजी,” काका खालूनच म्हणाले. “कुंकू बी म्याच लावलं आन् काच बी म्याच पुसली न्हाई. पोरीला कशाला इचारता? चार वाजंपतुर पुऱ्या पानांचं स्कॅनिंग देतो.”

माझ्या ‘हो’बद्दल चकार शब्द नाही. मी मान खाली घालून पानं लावायला लागले. चार वीसला अपील चढलं, एकही रेघ नाही. महिन्याभरात स्थगिती मिळाली. पुढे दिराने तडजोड केली आणि गिरणी हिराबाईंकडेच राहिली.

त्या संध्याकाळी मी काकांना विचारलं, “मी पुसली म्हणाले होते. मग तुम्ही एवढ्या लांबून का आलात?”

“तुज्या ‘हो’ला लई घाई हुती,” ते म्हणाले. “पुसलेला मानूस आसा वराडत न्हाई.”

त्यानंतर सात वर्षं ते रोज सकाळी दारातून पहिलं तेच विचारायचे, “काय इंजिनियर बाई, काच पुसली का?” माझ्या लग्नातही अक्षता टाकताना विचारलं. नवरा आजवर त्याचा अर्थ विचारतो.

गेल्या श्रावणात काका गेले. झोपेतच, कोणाला त्रास न देता. दहाव्याला हिराबाई आल्या आणि घाटावर सगळ्यांना ही गोष्ट हातवारे करून सांगितली. काकांच्या मुलालाही हसू आवरेना. दहाव्याला एवढी हसणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. माझ्या डोळ्यांना मात्र त्याच वेळी धार लागली होती.

परवा खंडेनवमीला पूजा मी केली. झाकण बंद ठेवून वरूनच कुंकू लावलं. मग ऑफिसात कोणी नाही असं पाहून झाकण उघडलं, त्या पट्टीवर कुंकवाचं एक बोट टेकवलं आणि एक कोरा कागद स्कॅन केला. वरून खाली लालभडक रेघ आली. ती फाईल काकांच्या नावाने सेव्ह करून ठेवली आहे.

दसऱ्यानंतर नव्या मुलीला विचारलं, “काच पुसली का?”

“हो मॅडम!” ती पटकन म्हणाली.

मी उठले आणि खिशातून रुमाल काढला.