घारीने शिवलेलं पान

बायको गेली तेव्हा तेराव्याला कावळा शिवला नाही. लपवण्यासारखं काही नाही, आमच्या काळाचौकीच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, असं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं होतं. खाली माणसं उपाशी बसलेली. कावळे समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसून नुसते बघत होते. पुढे यायची त्यांची टाप नव्हती, कारण वर घारी फिरत होत्या. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पानाला टेकवला आणि म्हणाले, जेवा.

घारी तिच्याच. बाजारातल्या कोळणीकडून ती माशांची मुंडकी, आतडी घेऊन यायची आणि दुपारी त्याच कठड्यापाशी उभी राहून वर फेकायची. घारी वरच्यावर झेलायच्या. मी म्हणायचो, "नवऱ्याला गार भाकरी आणि यांना हवेत घरपोच." ती म्हणायची, "त्या मिठावरून कटकट करत नाहीत."

शेवटी तिच्या छातीत पाणी झालं. हॉस्पिटलात तोंडात नळी घातली, बोलणं बंद. हाताने खुणा करायची. पाणी हवंय, उशी वर कर, एवढं समजायचं. शेवटच्या दिवशी मात्र ती एकच खूण पुन्हा पुन्हा करत होती, हात वर नेऊन बाजूला सोडायची. मला कळली नाही. नर्सला कळली नाही. मुलगी डोंबिवलीहून येईपर्यंत हात थांबला होता.

म्हणून कावळा शिवला नाही तेव्हा मनात बसलं की हिचं काहीतरी राहिलंय, ही अडकली आहे. लोक तोंडावर बोलत नाहीत, पण नळावर बोलतातच. मेव्हणा तर गावाहून फोन करून सांगायचा, "भावोजी, तायच्या मनात कायतरी रवला हा. वर्षश्राद्धाक तरी कावळो शिवाक होयो." मी चौथी शिकलेला माणूस, चिंचपोकळीच्या कारखान्यात लेथवर जन्म गेला. असल्या गोष्टी खऱ्या की खोट्या हे मला कोण सांगणार? पण रात्री झोप येत नाही तेव्हा त्या खऱ्याच असतात.

यंदा होळी झाली आणि दोघं जण गच्चीची चावी मागायला आले. चावी माझ्याकडे असते, मी वरच्या मजल्यावर राहतो. एक बाई बँकेत कामाला, दुसरा दाढीवाला, कसलं काम करतो ते मी विचारलं नाही. म्हणाले, घारी मोजायच्या आहेत.

"पगार किती देतात?"

"काही नाही, काका. हौस."

"मग घरी भांडण झालं असणार," मी म्हणालो. बाई हसली. दाढीवाला हसला नाही, म्हणजे त्याचं झालं असणार.

बाईने मला समजावलं. थंडीत लांब उत्तरेकडून घारी इथे येतात, ऊन तापायला लागलं की परत जातात. इथल्या घारी वेगळ्या, त्या बारा महिने इथेच. दिसायला सारख्याच, नवख्याला फरक कळत नाही. मला एवढंच ऐकू आलं की काही घारी जातात.

"मी चावी देतो," म्हणालो, "पण वर्षश्राद्धाच्या आधी त्या गेल्या की मला सांगायचं. माझं पान कावळ्याने शिवायचंय."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग बाई म्हणाली, "सांगू. पण काका, सगळ्या नाही जाणार."

"जेवढ्या जातील तेवढ्या जाऊ द्या."

त्यांची मोजायची रीत मी बघून ठेवली. गिरणीच्या जुन्या चिमणीपासून नव्या टॉवरच्या क्रेनपर्यंत त्यांनी मनातल्या मनात एक रेघ मारली होती. घारीने ती उत्तरेकडे ओलांडली आणि ती परत फिरली नाही, तरच मोजायची. डोक्यावर नुसती घिरट्या घालते, ती मोजायची नाही. बाईच्या हातात एक छोटं यंत्र होतं, बटण दाबलं की टक् वाजायचं. कधी सकाळभर एक टक् नाही. कधी ऊन चढलं की शिवडीच्या खाडीकडून घारी उठायच्या, गोल गोल फिरत ठिपक्याएवढ्या व्हायच्या आणि एकामागून एक रेघेपलीकडे सरकायच्या. मी पायरीवर बसून टक् ऐकायचो. एकेक टक् म्हणजे कावळ्याची वाट एवढी मोकळी, असं मला वाटायचं.

वर्षश्राद्धाचा दिवस आला. मेव्हणा गावाहून आला, मुलगी आली. मी मोजणाऱ्यांना विचारलं, "गेल्या?"

"बऱ्याच गेल्या. थोड्या आहेत."

मेव्हणा म्हणाला, "पान खाली ठेवया."

"खाली मांजरं आणि गाड्या. गॅलरीला कबुतरांची जाळी. ठेवणार कुठे, तुझ्या डोक्यावर?"

पान तिच्याच कठड्यावर ठेवलं. मोजणारी दोघं गच्चीच्या टोकाला उभी राहिली. कावळे टाकीवर आले, माना वाकड्या करून बघू लागले. मेव्हण्याने हात जोडले, "ताय, तुझ्या लेकीक मी बघतंय, काळजी करू नको." कावळे हलले नाहीत. मुलगी म्हणाली, "आई, बाबांना मी डोंबिवलीला नेते." मी म्हणालो, "खोटं बोलू नकोस तिच्याशी, मी येणार नाही." कावळे हलले नाहीत. मी फक्त हात वर नेला आणि बाजूला सोडला, हॉस्पिटलात ती करायची तसा. तेव्हा कळलं. ती मुंडकी फेकत होती.

मी पानातला वडा उचलला आणि वर फेकला. घार कुठून आली दिसलं नाही. वडा हवेतच गेला.

"भावोजी," मेव्हणा ओरडला, "कावळो होयो होतो."

"तिचं कावळ्यांशी कधी जमलं नाही," मी म्हणालो. "शिवलं. खाली जा, जेवा."

घार पायातला वडा वाकून खात खात चढत गेली. एक फेरी, दुसरी, मग सरळ चिमणीकडे. बाईने दुर्बीण लावली. मी तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. बराच वेळ गेला.

"इथली का जाणारी?"

"रेघ ओलांडली, काका. परत फिरली नाही."

तिने बटण दाबलं. टक्.

वर्षभर मी हेच मागत होतो, की ही सुटू दे. पण तो आवाज ऐकला आणि वाटलं, नको. ती अडकलेली होती तोवर इथे कुठेतरी होती. मी बाईला म्हणालो, "ती मोजणीत नका धरू." ती म्हणाली, "दाबलेलं परत घेता येत नाही, काका."

खाली सगळे जेवले, वडे पुरले नाहीत. मोजणाऱ्यांनी आठवड्याने चावी परत दिली, हंगाम संपला म्हणून.

आता दुपारी कोळीण मुंडकी बाजूला काढून ठेवते. मी आणतो, कठड्यापाशी उभा राहतो, फेकतो. घारी येतात, झेलतात. सगळ्या इथल्याच.