आधी आत्याबाई

आत्याबाईंनी चाखल्याशिवाय गरोदर बाईच्या तोंडात घास जायचा नाही. आमच्या घरचा रिवाजच तो, आणि त्यांनी तो पोलिसी खाक्यानं चालवला होता. शेजारणीनं चोरून दिलेली चिंचसुद्धा त्या आधी आपल्या जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटून बसायच्या आणि मग म्हणायच्या, "खा पोरी. काय झालंच तर आदी मला हुईल." तोवर माझ्या वाट्याला निम्मीच चिंच उरलेली असायची.

या माझ्या नवऱ्याच्या विधवा आत्या. भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांवर त्यांचंच राज्य. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या आणि तोंडाचा पट्टाही तितक्याच वेगानं चालायचा. पानं कापायची कात्री कायम कमरेला. दोरा असो, भेंडी असो, सगळ्याला तीच. माझ्या पहिल्या बाळाची नाळही त्यांनी तिनंच कापली.

ते बाळ बारशापर्यंत पोचलं नाही. आधी दूध ओढेना, मग जबडा बसला, मग अंग ताणून ताणून कमान व्हायला लागलं. आत्याबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, अंगारा लावला. मी नुसती ओरडत होते. दृष्ट लागली, असं सगळे म्हणाले आणि मीही ते मानलं. न मानून करणार काय?

पुन्हा दिवस गेले ते नसबंदीच्या धास्तीचं वर्ष होतं. सुई म्हटलं की पेठेतली दारं बंद व्हायची. दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या आणि धनुर्वाताची सुई घ्या म्हणाल्या, तशा आत्याबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "आमची कूस बांधाया आलाव व्हय? निगा हितनं!" नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आत्या म्हणेल तसं." मी अगदी वेडीपिशी झाले. सुई घेतली आणि कूस गेली तर? नाही घेतली आणि हेही बाळ तसंच गेलं तर? पोटात ते हललं की मला धडकी भरायची.

नर्सबाई चिवट. त्या पुन्हा आल्या आणि या खेपेला त्यांनी पहिल्या बाळाचं विचारलं. मी रडत रडत सगळं सांगितलं.

"नाळ कशानं कापली होती?"

आत्याबाईंनीच कमरेची कात्री काढून दाखवली.

"उकळून घेतली होती का?"

"कात्री कोन उकळतंय? पदराला पुसली की."

नर्सबाईंचा आवाज उतरला. "तो धनुर्वातच होता, आजी. अशा कात्रीतनं होतो तो. आईनं सुई घेतली तर बाळालाही तिचा आधार मिळतो."

आत्याबाईंच्या हातातली विडी अर्धी वळलेली तशीच राहिली. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, नुसतं भडभडून आलं.

दुसऱ्या दिवशी त्याच मला दवाखान्यात घेऊन गेल्या. नर्सबाई माझा दंड पुसायला लागल्या तशा त्या मधे घुसल्या आणि त्यांनी पोलक्याची बाही वर सारली.

"आदी मला."

"आजी, तुम्हाला कशाला?"

"टोच की! इख असंल तर माज्यात जाऊ दे."

नर्सबाईंनी मुकाट्यानं टोचलं. आत्याबाई बाकावर डोळे मिटून बसल्या, अगदी चिंच चाखताना बसायच्या तशा. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. "घे, पोरी."

या खेपेला बाळंतपण दवाखान्यातच झालं. मुलगा झाला आणि तो जगला. घरी आल्यावर मी त्याला आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं, सुपाच्या जागी. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "माजा हात नगं लागाया." नुकतंच दूध प्यालेलं बाळ तिथंच गाढ झोपलं, आणि त्या हात मागे बांधून तशाच बसून राहिल्या. पुढेही त्यांनी त्याला कधी हातात उचलून घेतलं नाही. विड्यांची पानं मात्र त्याच कात्रीनं कापत राहिल्या. पोट तिच्यावरच होतं.

शेवटच्या दुखण्यात त्यांनी मला जवळ बोलावलं. "थोरल्याचं नाव काय ठेवनार हुतीस गं?"

इतक्या वर्षांत आमच्यात त्याचा विषय कधी निघाला नव्हता. मी नाव सांगितलं. त्यांनी ते एकदा हळूच स्वतःशी म्हटलं आणि दोन्ही हात गोधडीच्या आत ओढून घेतले.