बरणीतला गुर्दा

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. बाबांच्या लघवीतून रक्त जायचं आणि दुखायचं मात्र काहीच नाही. आमचं पिंपळगाव राजा हे सारं गाव म्हणे, "उन्हाळी लागली." अहो, उन्हाळीत जळजळ होते, बाबांना ती कुठे होती? तरी आम्ही आपले धण्याचं पाणी अन् सब्जा पाजत बसलो. एकदा माय त्यांच्या कमरेला तेल चोळत होती, तर बरगडीखाली तिच्या हाताला गाठ लागली. दुसऱ्याच दिवशी तिनं त्यांना खामगावला नेलं.

तिथल्या सर्जननं गाठीसकट डावा गुर्दा, म्हणजे मूत्रपिंड, काढला. कॅन्सरच दिसतो म्हणाले, पण कोणत्या जातीचा आणि कुठवर गेला ते नागपूरला तपासल्यावर कळेल. तेव्हा असे नमुने औषधाच्या पाण्यात, बरणीत घालून घरच्यांनीच पोचवायचे. काकाला तर बरणी बघूनच घेरी आली. मायनं पदर खोचला, त्याला बाबांजवळ बसवलं आणि मला, कॉलेजातल्या पोरीला, घेऊन शेगावहून गाडी पकडली.

बरणी तिनं मांडीवरून खाली ठेवली नाही. समोरच्या बाईनं विचारलं, "लोणचं हाये का वो?"

"नाही बाई, आमचे मालक हायेत थोडेसे."

मला हसू आवरेना, अन् रडूही येत होतं. काय बाई होती माझी माय!

निकाल येईपर्यंत आम्ही धर्मशाळेत राहिलो. तपासणारे डॉक्टरही मोठ्या मनाचे. मायला समोर बसवून त्यांनी सगळं समजावलं. नेहमीची गाठ पिवळी असते, आत रक्त साकळलेलं असतं. ही सगळीकडून सारखी तपकिरी. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी फिकट, पण प्रत्येकीची कड ठळक. "अशी मी क्वचितच पाहिली. हिला नाव काय द्यावं, तेही मला धड सांगता येणार नाही," ते म्हणाले.

मायनं एवढंच विचारलं, "भाईर पसरली का?"

"नाही. शिरेतही शिरलेली नाही. वाचतील ते."

"बरं," माय म्हणाली. अन् आम्ही परतीची गाडी पकडली. इतक्या दिवसांत तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस मी पाहिला नव्हता.

खामगावला बाबा मान उचलून वाटच बघत होते. "काय म्हणे डाक्तर?"

"वाचसान तुम्ही," ती म्हणाली अन् हमसून हमसून रडायला लागली.

बाबा पांढरेफटक पडले. "खरं सांग मले. लपवू नोको."

"खोटं सांगाचं असतं," माय पदरानं नाक पुसत ओरडली, "त मी रडली असती काय?"